बाजाराच्या दिवशी भरलेला हप्ता

मित्रांनो, मी एक जुनी मोपेड आहे. जुनी म्हणजे वयाने नव्हे हो, वय माझं अवघं चार वर्षं. पण मोहाडी ते तुमसर रोज जा, रोज या, आणि येताना पायाशी कोंड्याचं पोतं सांभाळा, म्हणजे चार वर्षांत कुणाचीही हाडं खिळखिळी होतात. माझा एक आरसा तुटला आहे आणि हॉर्न मनात आलं तरच वाजतो.

मला घरी आणलं अश्वजितने. तो तुमसरच्या एका तांदळाच्या गिरणीत मशीन चालवतो. त्याची बायको भावना मोहाडीच्या बाजारात शकुनबाईंच्या पीठचक्कीवर कामाला जाते. घर मोहाडीच्या टोकाला, चक्कीपासून चांगलं दीड किलोमीटर लांब.

शोरूममध्ये माझ्या गळ्यात झेंडूचा हार घातला होता, त्यामुळे मी भलत्याच तोऱ्यात होते. टेबलावर कर्जाचे कागद आले. फायनान्सवाला भावनाला म्हणाला, "ताई, इथं तुमची पण सही लागते."

"माही कायले?" भावनाने विचारलं.

"साक्षीदाराची असन. करून टाक," अश्वजित म्हणाला.

तिने पाच ठिकाणी सह्या केल्या. तिच्या नावासमोर 'सहकर्जदार' असं ठळक छापलं होतं. ते त्याने वाचलं नाही आणि तिनेही नाही. मी तरी कुठे लक्ष दिलं? मला हाराचंच कौतुक होतं.

पहिलं वर्ष फार सुखाचं गेलं. भावना जुन्या लुगड्याच्या फडक्याने मला रोज पुसायची. सकाळी अश्वजित तिला मागे बसवून चक्कीवर सोडायचा आणि मग तुमसरला जायचा. शेजारी म्हणायचे, गाडी लक्ष्मी आहे. मीही ते खरं मानलं.

माझा हप्ता दर महिन्याच्या अठ्ठावीस तारखेला असायचा. आता आमच्याकडची एक रीत तुम्हाला सांगते. इथे देणं तारखेवर कुणी देत नाही, बाजारावर देतात. किराणावाला असो, शिंपी असो की पंक्चरवाला, "बाजाराले देतो" म्हटलं की समोरचा मान डोलावतो. आठवडी बाजाराला पैसे मिळतातच, कुणाचं काही अडत नाही. अश्वजितने फायनान्सलाही तोच हिशेब लावला. अठ्ठावीस तारीख आली की म्हणायचा, "बाजाराले भरतो." बाजार कधी एकोणतीसला यायचा, कधी चार तारखेला. तो ठरल्याप्रमाणे जायचा, हप्ता भरायचा, वर दंड भरायचा आणि पावती माझ्या सीटखाली ठेवायचा. असा सच्चा मालक मिळाला म्हणून माझी छाती फुगायची.

दुसऱ्या वर्षी गिरणी दोन महिने बंद पडली आणि दोन हप्ते थांबले. फायनान्सचे फोन यायचे तेव्हा अश्वजित उठून बाहेर यायचा आणि माझ्या सीटवर बसून हळू आवाजात बोलायचा. भावनाने विचारलं तर म्हणायचा, गिरणीतला माणूस होता. तिला उगाच काळजी नको, एवढंच त्याच्या मनात होतं. गिरणी सुरू झाल्यावर त्याने दोन्ही हप्ते दंडासकट भरले. शेवटचा हप्ता गेल्या होळीला फिटला आणि त्याने शेजाऱ्यांना पेढे वाटले.

मित्रांनो, मला वाटलं, माझी गोष्ट इथे संपली.

या दिवाळीच्या आधी शकुनबाईंनी चक्की विकायला काढली. त्या लेकाकडे भंडाऱ्याला राहायला चालल्या होत्या. भावनाला म्हणाल्या, "तू घेत असशीन तं महिनाभर थांबतो बाई. नाही तं मधुकरराव व्यापारी पैसे घेऊन बसलेच आहेत." भावनाने आठ वर्षं दुसऱ्याच्या चक्कीवर मिरची कांडली होती. तिचे डोळे, हात, सगळं त्या तिखटात मुरलं होतं. स्वतःची चक्की होण्याची ही एकच संधी होती. त्या रात्री ती जेवलीच नाही, इतका तिला आनंद झाला होता.

बँकेत तिने अर्ज केला. निकालाच्या दिवशी मी बँकेच्या खिडकीखाली उभी होते. आत भावना आणि अश्वजित बसले होते, समोर कर्जाचं काम बघणाऱ्या कामिनी मॅडम होत्या. त्यांचा आवाज मऊ होता, तरी एकेक शब्द मला टोचला.

"भावनाताई, कर्ज मंजूर झालं नाही. गाडीचे बरेच हप्ते उशिरा गेलेत. दोन तर फारच उशिरा."

"पण म्याडम, गाडी यायच्या नावावर आहे," भावना अश्वजितकडे बोट दाखवून म्हणाली.

"गाडी असेल. कर्जात तुम्ही सहकर्जदार आहात. ही सही तुमचीच ना?"

अश्वजित पुढे सरकला. "चूक माही आहे म्याडम. लग्न झालं म्हणून नवऱ्याचं बायकोच्या नावावर लावता काय?"

"लग्नाने काही लागत नाही. तुम्हा दोघांचं बचत खातं एक आहे, त्यानेही नाही. कर्ज कसं फेडलं, याची प्रत्येकाची नोंद वेगळी असते. पण एका कर्जावर दोघांच्या सह्या असल्या की ते दोघांच्या नोंदीत जातं. वेळेवर भरलं असतं, तर चांगलं नावही दोघांचं झालं असतं."

"दंड भरला ना आमी."

"दंडाने पैसे फिटले. उशीर झाला, ते लिहिलेलं राहिलं. पुसायला वेळ लागेल."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. जिने मला रोज पुसलं, तिच्याच नावाला माझ्यामुळे डाग लागला होता.

घरी आल्यावर भावना सपरीत, म्हणजे पुढच्या ओसरीत, माझ्याशेजारीच बसली. मग म्हणाली, "दोन महिने हप्ता थांबला होता, तं मले काहून नाही सांगतलं?"

"तुले ताप नोको म्हणून."

"तवा माह्या डब्यात नऊ हजार होते. फायनान्सचं हापिस चक्कीच्या समोर आहे. मी रोज त्याचा बोर्ड पाहत होती."

अश्वजित म्हणाला, "गाडी विकून टाकतो." त्यावर ती उठून आत गेली.

चक्की मधुकररावांनी घेतली. भावना आता तिथेच मजुरीवर जाते. तीच चक्की, तीच मिरची. अश्वजित रोज सकाळी मला बाहेर काढून म्हणतो, "बस, सोडून देतो." ती म्हणते, "जा तुमी," आणि पायी निघते. माझ्या मागच्या सीटवर धूळ बसली आहे.

मित्रांनो, गाड्यांना वेळेवर तेल-पाणी करा, हे तुम्हाला कुणीही सांगेल. माझं मागणं निराळं आहे. घरात एका कागदावर दोघांना सही करायची असेल, तर तो कागद मोठ्याने वाचायला सांगा. तारीख दोघांना पाठ असू द्या.

आज सकाळी भावना निघाली, तेव्हा अश्वजितने मला सुरूच केलं नाही. मला हाताने ढकलत तो तिच्या बाजूने चालत राहिला. गिरणीला उशीर होत होता, तरी तो अख्खा रस्ता पायी आला. चक्कीच्या दारात भावना थांबली आणि म्हणाली, "सही दोघायची होती. अडचण बी दोघायची होती."

मग ती आत गेली आणि तिने चक्कीचा पट्टा चढवला.