टाळूला भोक

प्रयोगशाळेतल्या ताईंनी वीस वर्षं विद्यार्थ्यांना मासे पुरवले, आता पदवीच्या प्रात्यक्षिकाला त्या स्वतःच मासा कापायला बसल्या होत्या. ही तिसरी आणि शेवटची खेप. पास झाल्या तर नोकरी कायम. नाहीतर महिनाअखेर निरोपाचा चहा, आणि तोही त्यांनाच करावा लागणार.

पाठीशी विभागप्रमुख उभे. सगळे त्यांना मोठे सर म्हणत. त्यांनी तरुणपणी केलेला एक नमुना कपाटातल्या बरणीत विराजमान होता: नाकपुडीत घातलेला ब्रशचा केस माशाच्या तोंडातून बाहेर. माणसाचं नाक घशाला जोडलेलं, म्हणजे माशाचंही असणारच, हा सरांचा सरळ तर्क. तेव्हापासून प्रत्येक तुकडीने गुपचूप माशाच्या तोंडातल्या टाळूला भोक पाडून सरांचं शास्त्र टिकवलं होतं. ताईंना ते दोनदा जमलं नव्हतं, म्हणून दोनदा नापास.

यंदा समोर बाहेरून आलेल्या परीक्षक बाई होत्या, आणि निकालावर सही दोघांची लागणार होती.

ताईंनी एका नाकपुडीवरची कातडी सोलली. खळग्यात पाकळ्यापाकळ्यांचं इवलंसं फूल. माशाला वास येतो तो इथे. त्याच्या बुडातून मेंदूकडे जाणारा पांढरा मज्जातंतू त्यांनी न तोडता मोकळा केला. सुई स्थिर.

"आता दुसऱ्या नाकपुडीत केस घाला," बाई म्हणाल्या. "कुठून निघतो?"

केस शिरला आणि अडला. सरांनी घसा खाकरून, जरा जोर लावायला हरकत नाही, असं पुटपुटून सुचवलं. ताईंनी जोर लावला नाही. केस किंचित तिरका केला, तसा तो त्याच नाकपुडीच्या, डोळ्याजवळच्या मागच्या भोकातून वर आला.

"पाणी इथून आत, इथून बाहेर. तोंडाशी संबंध नाही."

"अहो ताई, दोनदा आपटलात तरी..." म्हणत सरांनी केसाकडे हात नेला. ताईंनी त्यांचं मनगट धरलं.

"नको सर. फाटेल."

बाईंनी भिंगातून पाहिलं, सही केली आणि भिंग, कागद, पेन असं सगळं सरांपुढे सरकवलं. सर वाकले. बराच वेळ वाकलेलेच राहिले.

"हं. या माशाचं तसं दिसतंय खरं."

"बहुतेक सगळ्यांचंच," बाई म्हणाल्या.

सर सरळ झाले.

"ताई, आता मनगट सोडा," ते म्हणाले. "सही कशी करू?"