रंगाऱ्याचं सागवान

घर बांधायचं ते पायापासून आणि पाडायचं ते कौलांपासून. ही गोष्ट पाडकामाच्या बाजूची आहे, तेव्हा वरूनच उतरू.

कौलं

कवळीकर सकाळपासून अंगणात मान वर करून उभा होता. कवळीकर हे त्याचं आडनाव नव्हे. दातांच्या दवाखान्यांना तो कवळ्या करून द्यायचा, म्हणून लग्नानंतर मेव्हण्याने त्याला हे नाव ठेवलं, आणि ते असं घट्ट बसलं की त्याने केलेली एकही कवळी कोणाच्या तोंडात तशी बसली नसेल.

आज जुन्या वास्तूंच्या खात्यातल्या बाई घर बघायला येणार होत्या. रुंद होणाऱ्या रस्त्याची आखणी घराच्या पोटातून गेली होती. बाईंनी घर जतन करण्याजोगं ठरवलं, तर रस्ता वळसा घेणार होता. नाही ठरवलं, तर घर जाणार होतं. तिसरी वाट नव्हती.

घर बायकोच्या वडिलांचं. ती इथेच जन्मली, आणि कवळीकर लग्नानंतर इथेच राहायला आला. घरजावई म्हणून पुष्कळ टोमणे खाल्ले, पचवले. सासरे गेले, घर गळायला लागलं, तेव्हा त्याने मनावर घेतलं की हे व्हिक्टोरियन घर पुन्हा पहिल्यासारखं उभं करायचं. तेही बाजारातल्या नव्या मालाने नाही. त्याच काळातल्या, पडलेल्या घरांमधून काढलेल्या अस्सल मालाने. दिवसभर खोटे दात घासणाऱ्या माणसाला घरी आल्यावर खोटं म्हणून काही खपत नसे.

माल शोधायला दूर जावं लागलं नाही. मेव्हण्याचा धंदाच पाडकामाचा.

"भावजी, मान दुखेल," मेव्हणा फाटकातून आत येत म्हणाला. "कौलं उडून जात नाहीत. जुन्या गोदामावरची आहेत, पाटीच्या दगडाची. मी स्वतः उतरवलीत."

"बाईंसमोर जरा तोंड बंद ठेव."

"तोंड हा तुमचा विषय. मी बापडा भिंतींचा माणूस."

"आणि तुझ्या ताईला सांग, पलंगापुढच्या पडद्यामागचा पसारा हलव."

"तो पसारा म्हणजे तिचा संसार आहे, भावजी. बाकीच्या घरात तुमचा माल आहे."

पोटमाळा

बाई वेळेवर आल्या. वयाने लहान, आवाज मऊ, हातात बॅटरी. "मी वरून खाली येते," त्या म्हणाल्या, आणि शिडी लावली तशा चढल्यासुद्धा.

पोटमाळ्यावर त्यांनी एकेका वाशाला हात लावला. वासे एका बंद पडलेल्या शाळेचे होते.

"सुंदर," बाई म्हणाल्या.

कवळीकराच्या अंगावर मूठभर मांस चढलं.

"हे इथलेच?"

"इथले कुजले होते. पण काळ तोच आहे मॅडम, त्यात फरक नाही. खिळेसुद्धा त्या वेळचे वापरलेत."

"हं."

छत

माडीवरच्या बैठकीच्या खोलीच्या छताला प्लास्टरचं एक मोठं फूल होतं. पूर्वी ते एका नाट्यगृहात होतं. चार तुकडे करून आणलं आणि कवळीकराने ते कवळीच्या प्लास्टरने असं जोडलं की सांधा शोधून दाखवा. फूल खोलीच्या मानाने मोठं होतं, त्याच्या पाकळ्या भिंतीला टेकत होत्या. खाली बायको चहाचा ट्रे घेऊन उभी होती आणि वर बघत नव्हती. हे फूल चढवायचं म्हणून तिचा पलंग इथून हलला होता. मग फरशीसाठी तिथून हलला, मग जिन्यासाठी आणखी कुठे. घर सुधारत गेलं तसा तिचा पलंग घरभर हिंडत राहिला. ती विचारायची, कधी संपेल? तो म्हणायचा, झालंच. 'झालंच' या शब्दावर तिने इतकी वर्षं काढली.

बाईंनी फुलाकडे बराच वेळ पाहिलं.

"खोलीला आधी काय होतं?"

"काही नाही," कवळीकर म्हणाला. "साधंच छत."

"हं."

जिना

जिना डॉक्टरच्या बंगल्यातला. कठड्याचे दांडे कातीव, शेवटच्या खांबावर लाकडी अननस. तो बसवायला कवळीकराने एक भिंत मागे सरकवली. उतरताना बायको शेवटच्या पायरीवर अडखळली, ट्रेमधल्या कपांचा आवाज झाला. ती इथे नेहमीच अडखळायची. तिच्या पावलांना जुना जिना पाठ होता, आणि त्याला एक पायरी कमी होती.

मेव्हण्याने तिचा कोपर धरला. "ताई, सांभाळ. डॉक्टरचा जिना आहे, पडलीस तर तोच बघून घेईल."

बाई हसल्या नाहीत. त्या अननसाकडे बघत होत्या, आणि या वेळी त्या 'हं'सुद्धा म्हणाल्या नाहीत.

दारं

आता दारं. कवळीकराचा जीव दारांत होता. बाई पहिल्या दाराशी आल्या, त्यांनी बोटाच्या पेराने टकटक केलं. आवाज भरीव आला.

"सागवान," त्या म्हणाल्या.

"अस्सल. एका वकिलाच्या वाड्यातलं. सगळी दारं त्या एकाच घरातली."

"आणि या घराची?"

इथे कवळीकर हसला. याच प्रश्नाची तो वाट बघत होता, आणि उत्तर त्याने मनात घोळवून ठेवलं होतं. "त्यांचं नाव काढू नका मॅडम. हलक्या पाइनची होती. वरून रंगाऱ्याने सागवानाच्या रेघा ओढलेल्या. गाठी रंगवलेल्या, वलयं रंगवलेली. लांबून बघणारा फसावा म्हणून. सासरेबुवा त्याला रंगाऱ्याचं सागवान म्हणायचे. मी म्हटलं, करायचं तर खरं करू. एक दार राहू दिलं नाही."

बाई डॉक्टरच्या जिन्यावर बसल्या. बॅटरी विझवून त्यांनी मांडीवर ठेवली.

"मी त्या दारांसाठी आले होते," त्या म्हणाल्या.

कवळीकराने वकिलाच्या दाराकडे पाहिलं.

"या भागातली घरं श्रीमंतांची नव्हती. बांधणाऱ्यांना सागवान परवडायचं नाही, म्हणून एक रंगारी घरोघर दारं रंगवायचा. कंगव्याने, पिसाने, अंगठ्याने. त्याचं नाव कोणाला माहीत नाही. त्याचं एकही दार आता शिल्लक नाही. मला वाटलं, इथे असेल. बाहेरून घर एवढं नीट ठेवलेलं दिसलं."

"पण ती खोटी होती," कवळीकर म्हणाला.

"हो. पण ती या घराची होती." बाईंचा आवाज अजून मऊ झाला, आणि कवळीकराला त्याचीच भीती वाटली. दातांचे डॉक्टर पेशंटला 'दात वाचणार नाही' सांगताना असेच बोलतात, हे त्याने अनेकदा ऐकलं होतं. "तुमचा माल सगळा अस्सल आहे. पण आम्ही मालाचं रक्षण करत नाही, घराचं करतो. वरपासून इथपर्यंत आले, या घरातलं मला काही सापडलं नाही."

बायकोने ट्रे खाली ठेवला.

दारं काढली त्या दिवशी ती एवढंच म्हणाली होती की झोपायच्या खोलीचं राहू द्या. त्या दारावर खालच्या अंगाला रंगाऱ्याने एक गाठ काढली होती, ती घुबडासारखी दिसायची. लहानपणी आजारी पडली की ती पडल्या पडल्या त्या घुबडाशी बोलायची. कवळीकर म्हणाला होता, खोट्या लाकडात खोटं घुबड. तेव्हा तीही हसली होती. मग त्याने दारं करवतीने कापली, आणि हिवाळा त्या सरपणावर निघाला.

"टाकीवर," बायको आता म्हणाली. "एक टाकीवर आहे."

टाकीचं झाकण

मागच्या अंगणात पाण्याच्या टाकीवर एक दार आडवं टाकलं होतं. कवळीकर पळत सुटला. त्याने आणि मेव्हण्याने दार उलटं केलं, बादलीभर पाणी ओतलं, कवळीकर सदऱ्याच्या बाहीने पुसायला लागला. वरची बाजू उन्हापावसाने पांढरी पडली होती, खालची ओलाव्याने काळी. रंगाचा मागमूस नव्हता. बायको वाकून खालचा कोपरा बघत होती.

"ते नाही," ती म्हणाली. "हे न्हाणीचं दार."

बिजागरी होती तिथे, लोखंडाच्या आडोशाला, तळहाताएवढा तुकडा उरला होता. मधाच्या रंगाच्या रेघा, एकमेकींना न चिकटता वळत गेलेल्या. बाई उकिडव्या बसल्या. त्यांनी बोट लावलं नाही, नुसतं तुकड्यावरून हवेतच फिरवलं.

"हात चांगला होता त्याचा," त्या म्हणाल्या.

"एवढं पुरेल?" कवळीकराने विचारलं. "मॅडम, एवढ्यावर काही करता येईल?"

त्याने दाताच्या कण्या केल्या. सगळं परत बसवतो म्हणाला. कोणतं परत, ते त्यालाच सांगता येईना. बाईंनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं, हे त्यांचं चांगलं. मग त्यांनी बायकोच्या खांद्याला हात लावला आणि त्या गेल्या. चहा तसाच राहिला.

मेव्हणा दाराशेजारी उभा होता. कवळीकर त्याच्याकडे वळला.

"तू याच घरात वाढलास. तुला माहीत होतं?"

"भावजी, मला एवढंच माहीत होतं की आमच्या घरची दारं खोटी आहेत. शाळेत पोरं चिडवायची. तुम्ही सागवान मागितलंत तेव्हा मला बरंच वाटलं."

फरशी

पाडकाम मेव्हण्याने मागून घेतलं. परक्याच्या हाताने नको, म्हणाला. आला, आणि पहिल्या दिवशी फाटकाच्या खांबाला टेकून नुसता उभा राहिला. माणसं त्याच्या तोंडाकडे बघत थांबली. शेवटी त्याची ताईच म्हणाली, "उरक बाबा. मला उन्हात उभं राहवत नाही."

मालाला गिऱ्हाइकं लगेच मिळाली. कौलं एकाने नेली, जिना दुसऱ्याने. फूल उतरवताना फुटलं, बरोबर कवळीकराने भरलेल्या सांध्यांवर. दारांना एक जोडपं आलं, त्यांनाही कुठलंसं जुनं घर नीट करायचं होतं. नवऱ्याने टकटक करून विचारलं, "खरं आहे ना?"

"खरं आहे," कवळीकर म्हणाला. त्याला आणखी काही सांगायचं होतं. तुमच्या घरात आत्ता कोणती दारं आहेत, असं विचारून त्याने सुरुवातही केली.

"त्यांचं काय, भंगार आहेत," तो माणूस हसून म्हणाला. "ती आधीच काढली."

नक्षीच्या फरश्या सुटल्या. खाली जुन्या शहाबादी फरशीचे ठसे मातीत उमटलेले होते. ती शहाबादी कोणी काढली होती, हे विचारायची गरज नव्हती.

पाया

सगळ्यात शेवटी पायाचे दगड लागले. ते इथलेच होते, पहिल्या दिवसापासूनचे, कवळीकराच्या हातून वाचलेले. बाईंनी ते बघितले नव्हते. ते बघायचे तर आधी घर पाडावं लागतं.

मेव्हण्याने एक दगड बाजूला काढून ठेवला. ताई म्हणाली, नको, कुठे ठेवू?

नवं दार

आता ती दोघं तिसऱ्या मजल्यावर राहतात. दोन खोल्या, सरळ भिंती. पलंग एका जागी आहे. दारं गुळगुळीत, वर लाकडाच्या रेघा छापलेल्या. सगळ्या दारांवर सारख्याच, तीच गाठ त्याच उंचीवर. बायकोने पहिल्या दिवशी त्या गाठीवरून बोट फिरवलं आणि काढून घेतलं.

कवळीकराने ते पाहिलं. कवळ्यांच्या कामाचे बारीक कुंचले घेऊन तो झोपायच्या खोलीच्या दाराशी जमिनीवर बसला. दाताला रंग देणं त्याला येत होतं. सिगारेट ओढणाऱ्याचा पिवळा, म्हाताऱ्याचा राखी, सगळं. रेघ ओढता येत होती. त्याने त्या घुबडाच्या जुन्या दाराकडे कधी नीट बघितलं नव्हतं, एवढीच अडचण होती.

"तू सांग," तो म्हणाला. "मी काढतो."

ती पलंगावर बसली. डोळे मिटले की समोर येतं, असं ती नेहमी म्हणायची. तिने डोळे मिटले.

"दोन डोळे होते. एक मोठा."

"कोणता?"

"डावा. चोच नव्हती, नुसती एक चिरेसारखी रेघ. पंख बाजूला वितळल्यासारखे."

त्याने काढलं. तिने डोळे उघडून पाहिलं. नाही म्हणाली. त्याने पुसून पुन्हा काढलं. डोळा खाली घेतला, चोच बारीक केली. ती पुन्हा नाही म्हणाली, पण या वेळी जरा थांबून. दुपारभर हे चाललं. मेव्हणा मध्ये येऊन गेला. दाराशी उभं राहून म्हणाला, "भावजी, हे तर दाढेसारखं दिसतंय." कोणी हसलं नाही, तेव्हा चप्पल घालून निघाला.

"डावाच ना मोठा?" कवळीकराने विचारलं.

त्याने वळून पाहिलं. तिचे डोळे मिटलेले होते आणि कपाळावर आठी होती, गर्दीत ओळखीचं माणूस शोधावं तशी.

"थांबा," ती म्हणाली.

"आणखी एकदा करून बघतो. पंख राहिलेत."

"नको. थांबा." तिने डोळे उघडले नाहीत. "आता मिटले तरी तुम्ही काढलेलंच दिसतंय."