बाजेखालची भट्टी

आवडाची आई आदल्या सालीच गेली होती, म्हणून तिचं पहिलं बाळंतपण बापानं, पुंजाजीनं, रिठदला अंगावर घेतलं. तेल चोळायला शेजारची तुळसाबाई येई. बाजेखालचा शेक मात्र पुंजाजी स्वतः विझू देत नसे. गाव म्हणे, बाप असावा तर असा. त्याच शेकावर हंडा चढवून तो मोहाची दारू गाळतो, हे एकट्या आवडाला ठाऊक. बाळंतिणीच्या खोलीतून धूर निघाला तर विचारणार कोण?

विचारलं आबकारीच्या दरोग्यानं. पंच म्हणून त्यानं जगदेव अन् रंगराव धरून आणले. दोघं उंबऱ्याशीच थबकले.

"चला आत!"

"सायेब, सोयर हाय," जगदेव म्हणाला. "परके बापे बाळंतिनीच्या खोलीत जात नसतात."

दरोगा एकटाच शिरला आणि हंडा घेऊन बाहेर आला. पंचांनी अंगणातूनच पंचनाम्यावर अंगठे उठवले.

खालच्या कोर्टानं पुंजाजीला तीन महिने दिले, वर जुना गुन्हेगार म्हणून आणखी तीन. आवडानं बारसं अडवून धरलं. नाव ठेवील तर आजाच. सासू पाहायला आली की नातवाला नुसतं "ए" म्हणून हाक मारी आणि व्याह्याच्या नावानं बोटं मोडी.

अकोल्याला अपील लागलं. आवडा पोराला घेऊन मागं बसली. पुंजाजीच्या वकिलांनी जगदेवची जबानी वाचली : "हंडा दरोगासायबाच्या हातात पाह्यला. आतून आनला का आपल्या घरून आनला, देवाले ठाऊक."

जज्जसाहेबांनी रुमालात खोकून घेतलं. "आणि हा जुना गुन्हा कसला?"

"राखीव जंगलात चरण्याचा, हुजूर."

"आरोपी चरला?"

"म्हैस चरली. दंड मालकाच्या नावे."

"सायेब," पुंजाजीला राहवलं नाही, "म्हैस तं दारू पेतबी नाई!"

वकिलांनी कपाळाला हात लावला. तरी शिक्षा रद्द झाली.

घरी येताच पुंजाजी बाजेखाली वाकला. "आवडे, शेक काहून बंद केला?"

"पोरगं पालथं पडाले लागलं, बा. आता बाळंतीन कोन हाय इथं?"

पुंजाजी विचारात पडला. "दुसऱ्या खेपेलेबी इकडंच येजो."

"येईन. पन बाजेखाली नुसत्या गोवऱ्या जळतीन. माय असती तं हंडा तुह्या डोस्क्यात घातला असता."

"घातला असता," पुंजाजी म्हणाला, आणि नातवाच्या कानात नाव सांगायला वाकला.