बाद धरलेले नेम

अकरा वर्षांत अंदाजरावांचा अंदाज एकदाही चुकला नव्हता, निदान वहीत तरी. कारखान्यातल्या चाचणीच्या खोलीत त्यांचं काम एकच होतं. ग्राइंडरचा दगड फिरता फिरता फुटला आणि त्याचा तुकडा उडाला, तर कामगाराच्या पुढची लोखंडी प्लेट तो अडवील की नाही, हे त्यांनी सांगायचं. त्यांचं खरं नाव आता कुणाच्या लक्षात नव्हतं. लोक तोंडावर अंदाजराव म्हणत आणि तेही ओ देत.

गणित साधं होतं. अर्ध्या किलोचा तुकडा, सेकंदाला ऐंशी मीटर वेग. प्लेट जितकी मागं दबेल तितका मार हलका. उंचावरून उडी टाकणारा गुडघे वाकवतो, त्यातलाच प्रकार. मधोमध तुकडा बसला की प्लेट दोन बोटं दबायची आणि जोर भरायचा चार टन. भोक पडायला बारा टन लागत. म्हणजे काळजी नाही.

खात्रीसाठी दर खेपेतली एक प्लेट चौकटीत बोल्टांनी आवळत आणि हवेच्या नळीतून तिच्यावर लोखंडी गोटा मारत. नळी चालवणाऱ्या आडदांड गड्याला सगळे तोफखाना म्हणत. प्लेटीवर खडूची फुली असे. गोटा फुलीवर बसला नाही, तर अंदाजराव वहीत ‘नेम चुकला, बाद’ असं लिहीत आणि दुसरी प्लेट लावायला सांगत.

त्या दिवशी नळीचा स्टँड सरकला. गोटा कोपऱ्यातल्या बोल्टापासून दोन बोटांवर बसला आणि कागदातून सुई जावी तसा पार झाला.

“गेला की आरपार!” तोफखाना म्हणाला. “लिहा बाद. माझा नेम आणि माझ्या सासूबाईंचं बोलणं, दोन्ही कधी सरळ गेलं नाही.”

अंदाजरावांनी पेन उचललं आणि तसंच धरून ठेवलं.

“बाद झालेल्या प्लेटा कुठं टाकतोस रे?”

“मागं, पत्र्याखाली. का? आता त्यांची काय पूजा बांधणार?”

पत्र्याखाली नऊ प्लेटा निघाल्या. दोहोंवर मार मध्याच्या जरा बाजूला होता, त्यांना नुसते पोचे आले होते. उरलेल्या सातांवर तो कडेला, बोल्टाजवळ होता, आणि सातही प्लेटांना स्वच्छ, गोल भोकं पडली होती. अंदाजराव तिथंच उकिडवे बसले आणि एका प्लेटीच्या पाठीवर पेन्सिलीनं मांडू लागले. बोल्टाजवळ प्लेटीला मागं सरायला वावच नाही. दबून दबून दबणार पाच मिलिमीटर. चार टनांचे बत्तीस झाले.

फळी मोडते ती मधोमध, हे शेंबडं पोरही सांगेल. त्यांनीही तेच धरलं होतं. पण ते ठेवलेल्या ओझ्याचं झालं. वेगानं येणाऱ्या घावापुढं जे वाकतं तेच वाचतं, आणि कडेला वाकायची सोय नव्हती. सात वेळा प्लेटीनं हे सांगितलं होतं आणि सात वेळा त्यांनी ते स्वतःच्या सुबक अक्षरात खोडून टाकलं होतं.

ग्राइंडिंगच्या शेडमध्ये अशी दोनशे चाळीस मशीनं होती. त्यांतल्या एकावर त्यांची मुलगी होती. सहा महिन्यांपूर्वी तिच्यासाठी शब्द टाकला होता तो त्यांनीच.

साहेबांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं.

“मध्यावर प्लेट टिकते ना?”

“टिकते. पण तुकडा काही खडूची फुली बघून येत नाही, साहेब.”

“नेम चुकला तर मार बाद, असा नियम आहे. कुणी केला हा नियम?”

“मीच केला.”

साहेबांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. “जाड प्लेटांसाठी लिहितो वरती. चौकटी बदलाव्या लागतील, वर्ष जाईल. तोवर काय करू? असलेल्या प्लेटा काढू?”

“नको. नसण्यापेक्षा त्या बऱ्या.”

“मग?”

“मशीनं बंद ठेवता आली तर...”

“दोनशे चाळीस?”

अंदाजरावांच्या तोंडून निघून गेलं, “निदान बावन्न नंबर.”

“तिथं कोण आहे?”

साहेबांना उत्तर माहीत होतं. एवढं बोलायलाच आपण आलो होतो की काय, अशी शंका येऊन अंदाजरावांना स्वतःची किळस आली.

संध्याकाळी स्वयंपाकघरात त्यांनी मुलीला सांगितलं. बायको भाजी चिरत होती. तिचा हात थांबला.

“सोड ते काम,” बायको म्हणाली.

“आणि तिथं कोण उभं राहील, आई? शेजारची ताई. दोन लेकरांची आई आहे ती.” मुलीनं वडिलांकडं पाहिलं. “दगड रोज फुटतात का?”

“नाही. तीन-चार वर्षांत एखादा.”

“मग एवढं काय! मी उभी कुठं राहू तेवढं सांगा. अंदाज तर तुमचा.”

जेवण होईपर्यंत ते कागदावर मशीन काढत होते. डावीकडं सरकली तर डाव्या कडेचे खालचे बोल्ट तिच्या पोटासमोर येत, उजवीकडं गेली तर उजव्या कडेचे वरचे गळ्यासमोर. मागं व्हावं, तर हात दगडापर्यंत पोचेनात. त्यांनी कागद उलटून पुन्हा सुरुवात केली.

दुसऱ्या दिवशी दुपारी ते शेडमध्ये गेले. तिथं ते कधी येत नसत. त्यांच्यापर्यंत फक्त प्लेटा येत. आवाजानं कान बधिर झाले. बावन्न नंबरवर मुलगी वाकून काम करत होती.

“अर्धा हात डावीकडं हो,” ते तिच्या कानाशी ओरडले. “पोटाला लागेल, पण डोकं...”

तिनं मशीन थांबवलं. “बाबा, तुम्हाला माझीच प्लेट दिसतेय. मागं बघा.”

त्यांनी वळून पाहिलं. पलीकडच्या रांगेतलं मशीन अगदी समोर होतं. तिथला दगड याच दिशेनं तोंड करून फिरत होता. तो फुटला, तर तिथली बाई आणि तिच्यामागं मुलीची पाठ, दोन्ही एकाच रेषेत होत्या. हे त्यांच्या कागदावर आलंच नव्हतं.

“आता सांगा, कुठं सरकू?” ती हसून म्हणाली. ते एकदा या दगडाकडं, एकदा त्या दगडाकडं बघू लागले तसं तिचं हसू मावळलं. “बरं, जा तुम्ही. मुकादम बघतोय.”

तिनं बटण दाबलं. दगडानं वेग घेतला.

अंदाजराव निघाले. दोन रांगांमधून दारापर्यंत साठ-सत्तर पावलं होती. कोणत्या बाजूनं चालावं हे त्यांना ठरवता येईना.