देवदूतासाठी उंच बाई

नाटक मंडळीत तिला सगळे राणी म्हणत. खरं नाव कुणी वापरतच नसे, कारण आयुष्यभर तिनं राण्याच केल्या होत्या. रुसलेल्या, वेड लागलेल्या, गादीपायी सख्ख्या भावाला विष घालणाऱ्या. उंची आणि आवाज दोन्ही तिला उपजतच मिळाली होती. मग आजार आला. औषधांनी आधी डोक्यावरचे केस नेले, मग भुवया, पापण्या आणि हळूहळू गालांवरचं मांस. आवाज तेवढा उरला, तोही आतल्या खोलीतून नवऱ्याला हाक मारण्यापुरता.

अशात एका दुपारी धाकटा दारात उभा राहिला. मंडळीत सगळ्यांत लहान म्हणून त्याचं नाव धाकटा पडलं होतं. आता तो सिनेमे काढत होता, कानशिलं पांढरी झाली होती, तरी नाव काही सुटलं नव्हतं. रंगमंचावर रिकाम्या हातांचं काय करायचं, हे त्याला राणीनंच शिकवलं होतं.

"राणीताई, मला देवदूत हवाय," तो टेकायच्या आधीच म्हणाला. "तुमच्याशिवाय दुसरं कुणी डोळ्यांसमोर येत नाही."

"तिला जिना चढवत नाही, आणि तू उडायला सांगतोस?" नवरा म्हणाला.

"उडायचं नाही हो भाऊ. यायचं, उभं राहायचं, एक वाक्य बोलायचं. 'घाबरू नको.' बस्स."

राणीनं डोक्यावरचा रुमाल नीट केला आणि तारखा विचारल्या.

त्या दिवसापासून ओटा ते पलंग एवढ्या जागेत तिची तालीम सुरू झाली. देवदूत लांबून आलेला, तेव्हा तो दमलेला असणार, असं तिनं ठरवलं. त्याला जमिनीची सवय नसणार, म्हणून टाच टेकवायची नाही. आधी मान वळेल, मग खांदे, मग बाकीचं अंग. नवरा पलंगावर बसून बघायचा. "आत्ता टाच लागली हं," असं सांगायचा. कित्येक महिन्यांनी घरात औषधांखेरीज दुसरा विषय निघाला होता.

शूटिंग एका बंद पडलेल्या कारखान्यात होतं. मेकअपमन जुना, नाटकातलाच. तिला बघून त्याचा चेहरा पडला, पण सावरून त्यानं पेटी उघडली. त्यानं स्पंज ओला केला तोच धाकटा आत आला.

"चेहऱ्याला काही लावू नका. आहे तसाच हवा."

मेकअपमन स्पंज पिळत राहिला. मग त्यानं पंख आणले. ती पांढऱ्याशुभ्र पिसांची वाट बघत होती. हे पंख पिसं उपटलेले होते, करडे, ओलसर, शिरा दिसणारे. तिला सगळं तेव्हा उमगलं.

"भुताचा सिनेमा आहे का रे हा?"

"देवदूतच आहे ताई. माणसं प्रार्थना करतात, आणि मग हा येतो. लोकांची टरकली पाहिजे."

"कशानं? या पंखांनी?"

धाकट्यानं तिच्या चेहऱ्याकडे बघितलं आणि लगेच नजर वळवली. "पंख नुसते निमित्ताला," तो पुटपुटला.

तिला उठून जाता आलं असतं. पण बाहेर दिवे लागले होते, माणसं खोळंबली होती, आणि माणसं खोळंबलेली असताना ती कधी विंगेत थांबली नव्हती. ती आली. टाच न टेकवता सेटवरच्या पलंगाशी गेली, मान वळवली, मग खांदे. "घाबरू नको," असं तिनं खरोखर मायेनं म्हटलं. पलंगावरची नवखी नटी अशी किंचाळली की धाकट्यानं पहिलाच टेक ठेवून दिला.

सिनेमा तुफान चालला. बसथांब्यांवर, दुधाच्या दुकानाशेजारी, दवाखान्याच्या वळणावर तिचा चेहरा लागला. धाकटा मुलाखतींत सांगू लागला की देवदूताच्या मेकअपला रोज चार तास लागायचे. शेजारीण घरी येऊन म्हणाली, "काय भयंकर रंगवलं होतं हो तुम्हाला! अंगावर काटा आला." एवढं बोलून ती समोर बसलेल्या राणीकडे बघत राहिली, आणि चहा अर्धा टाकून उठली. लेक नातीला घेऊन येईनाशी झाली. फोनवर म्हणाली, "आई, तिला पोस्टर आणि तू यातला फरक कळत नाही गं अजून. जरा दिवस जाऊ दे."

"मला तरी कुठे कळतोय," राणी म्हणाली. लेक हसली नाही.

हसणारी एकच होती, दवाखान्याच्या वॉर्डातली टेलरीणबाई. दोघींच्या सलाईनच्या खुर्च्या शेजारी असत. तीही अशीच टक्कल पडलेली, राणीपेक्षाही बोटभर उंच. राणी दारात दिसली की ती ओरडायची, "उठा गं, देवदूत आला! कुणी प्रार्थना केली ते हात वर करा!" मग दोघी इतक्या हसायच्या की नर्स सुया बघायला धावायची.

वर्ष सरत आलं तेव्हा राणीचे रिपोर्ट चांगले आले. डोक्यावर मऊ लव उगवली, गाल वर आले. त्याच सुमारास धाकट्यानं दुसऱ्या भागासाठी बोलावलं. ती रुमाल न बांधता गेली.

तो खुर्चीतून उठला आणि तसाच थबकला. "अरे वा, ताई. छान दिसताय," तो म्हणाला. हे त्यानं अशा सुरात म्हटलं, जणू कुणी गेल्याचं कळलं होतं.

"केस काढून टाकू," राणी म्हणाली.

"केसांचं होईल हो. पण गाल..."

"मेकअपमन आहे ना तुझा? चार तासवाला."

धाकटा ओशाळला. "रबर लावलं की लोकांना कळतं, ताई." थोडा वेळ पेनाशी खेळून त्यानं विचारलं, "तुमच्या तिथे, वॉर्डात... कुणी आहे का? उंच?"

ती उठली. दारापर्यंत येऊन म्हणाली, "तुला हात शिकवले, तोंड शिकवायचं राहिलं."

पुढच्या तपासणीच्या दिवशी तिनं हा सगळा किस्सा टेलरीणबाईला सांगितला, धाकट्याची नक्कल करून. तिला वाटलं, ही आता त्याचा असा उद्धार करेल की वॉर्ड दणाणेल. टेलरीणबाई सलाईनच्या थेंबांकडे बघत होती.

"किती उंच हवीय?" तिनं विचारलं.

"तुला लाज नाही वाटत?"

"तुला वाटली होती?"

मग टेलरीणबाई हळू आवाजात म्हणाली, "घरात माझ्याकडे कुणी बघत नाही गं आता. नवरा वाईट नाही, सगळं करतो. पण बोलतो ते खिडकीकडे तोंड करून. घाबरून का होईना, बघतील तर लोक."

तो दिवस राणीनं रागात काढला. दुसऱ्या दिवशी तिनं धाकट्याचा नंबर दिला. मग आठवडाभर ती टेलरीणबाईच्या शिवणखोलीत जात राहिली. मशीन भिंतीला सरकवून त्यांनी जागा केली. "टाच नको. मान आधी. अगं, खांदे मागाहून!" टेलरीणबाईला धाप लागायची, पण ती ऐकायची नाही. "पुन्हा," म्हणायची.

तिचं काम पूर्ण झालं. सिनेमा लागला तेव्हा मात्र ती नव्हती.

राणी टेलरीणबाईच्या नवऱ्याला घेऊन दुपारच्या खेळाला गेली. तो पुतळ्यासारखा बसला होता. पडद्यावर दार उघडलं, टेलरीणबाई आत आली, आणि सगळं थिएटर किंचाळलं. मागच्या रांगेत कुणीतरी "शी!" म्हणालं, बाकीचे खिदळले. तिच्या नवऱ्यानं मान खाली घातली नाही. पापणीही न हलवता तो ती जाईपर्यंत बघत राहिला.

राणीचं लक्ष पायांकडे होतं. टाच कुठेच लागली नव्हती. मान वळली, खांदे वळले, आणि मध्ये टेलरीणबाईनं एक श्वास घेतला होता. तो राणीनं शिकवला नव्हता. त्या एका श्वासानं देवदूत खरा वाटत होता. हा आपल्याला का नाही सुचला, असं राणीच्या मनात आलं. हे दुःख नव्हतं, एवढं तिला नीट कळलं.

बाहेर आल्यावर त्यानं विचारलं, "शेवटी शेवटी ती रोज अशी चालायची घरात. मला वाटायचं, तोल जातोय. तुम्ही शिकवलं होतं?"

"थोडंसं," राणी म्हणाली. "बाकी तिचं."

त्यानं मान हलवली आणि बसथांब्याकडे गेला.

ती घरी आली. नवऱ्यानं वर्तमानपत्र बाजूला ठेवलं. "कसं केलंय तिनं?"

राणी पायातल्या चपला काढत होती. "माझ्यापेक्षा चांगलं," ती म्हणाली, आणि हात धुवायला आत गेली.