दारावरचा हिरवा लिंब

“पाडवा होऊन सहा दिस झालं, बाईसाब. समद्यांच्या दारावरचा लिंब वाळून चुरा झालाय. बिरदेवाच्या दारावरचा अजून हिरवा हाय.”

शाळेच्या मुली गोळा करून नेणारी सोजरबाई मागच्या दाराशी उभी राहून सांगत होती. मथुरा लेकीची, यमूची, वेणी घालत होती. दोन पेड तिच्या बोटांत होते, तिसरा सुटला होता आणि यमू मान हलवत होती. रविवार होता. दुसऱ्या दिवशी डेप्युटीसाहेब शाळा तपासायला यायचे होते. मथुरा कमिटीत होती त्या मुलींच्या शाळेत चौथीचा वर्ग मंजूर व्हायचा तर त्यांना तीस मुली हजर दिसायला हव्या होत्या. कुणी मामाच्या गावाला गेली होती, कुणाला गालफुगी झाली होती. मोजून मोजून आकडा एकोणतिसावर येऊन थांबत होता. बिरदेव धनगराची मायाक्का धरली तर तीस.

“वाळलेला काढून ताजा लावला असेल,” मथुरा म्हणाली. “पाडव्याचाच आहे तो. उद्या तिला घेऊन या.”

“हाक मारली तवा कुणी भाईर आलं न्हाई. चार दिस झालं, घरातनं फोडणीचा वास बी न्हाई.”

“सोजरबाई, रोज फोडणी कुणाच्या घरी पडते हो? आणि मायाक्का कशी आहे?”

“पोरगी चांगली हाय. शेरडांमागं पळतीया.”

“मग झालं तर.”

सोजरबाई जराशी थांबली. यमूच्या गालावरून तिनं हात फिरवला, “बरं” म्हणाली आणि परसातून निघून गेली. मथुरेनं तिसरा पेड पुन्हा हातात घेतला.

सोलापुरात दाराला कडुलिंब दोन वेळा लागतो. एक पाडव्याला, गुढीबरोबर. तो तसाच राहतो आणि उन्हानं वाळून गळून पडतो. दुसरा लागतो घरात देवी आल्या की. तेव्हा आजाराचं नाव कुणी घेत नाही, भाजीला फोडणी देत नाही, आल्यागेल्याला उंबऱ्याच्या आत घेत नाही, आणि दाराचा डहाळा रोज सकाळी बदलतात. हे मथुरेला कुणी सांगायची गरज नव्हती. ती याच गावची होती. पुण्याच्या कॉलेजात चार वर्षं काढून बी. ए. झाली आणि वकिलाच्या घरात पडली म्हणून ते ती विसरली नव्हती. त्या सकाळी तिला तीस मुली हव्या होत्या, एवढंच.

सोमवारी तीस मुली हजर होत्या. डेप्युटीसाहेबांनी मायाक्काला सात नव्वे विचारलं, तिनं ते न अडखळता सांगितलं. बुधवारी मायाक्का वर्गातच बस्करावर आडवी झाली. तिच्या धाकट्या भावाला पाडव्याच्या आधीपासून देवी आल्या होत्या, हे त्यानंतर सगळ्यांना कळलं. पुढच्या पंधरवड्यात शाळेतल्या आणखी तीन मुली अंथरुणाला खिळल्या. शाळा बंद करावी लागली.

यमूच्या दंडावर टोचल्याचे दोन वण होते. तरी तो सगळा महिना मथुरा दिवसातून दहादा तिच्या कपाळाला हात लावून बघत होती. यमूला काही झालं नाही. मायाक्का आणि तिचा भाऊ उठले, अंगभर वण घेऊन. बाकीच्या दोघीही उठल्या. ईरप्पाची काशम्मा उठली, पण तिच्या डाव्या डोळ्यात पांढरं फूल पडलं होतं आणि त्या डोळ्यानं तिला आता दिसत नव्हतं.

जूनच्या चार तारखेला, शाळा पुन्हा उघडण्याआधी, कमिटीनं पालकांची सभा बोलावली.

सभा तिसरीच्या वर्गात होती. जुनी बस्करं सगळी जाळून टाकली होती, म्हणून सिद्धाप्पांनी आपल्या घरचं जाजम पाठवलं होतं. सिद्धाप्पा कमिटीचे चिटणीस. गावात त्यांना सगळे अण्णा म्हणत. त्यांच्या शेजारी दोन वयस्क सभासद आणि टेबलाच्या कडेला वही घेऊन मथुरा. कमिटीत ती एकटीच बाई. सभेत जे ठरेल ते वहीत उतरवायचं काम तिच्याकडे होतं. पुरुष पुढे बसले होते, आया मागे, भिंतीला टेकून. सोजरबाई दाराशी पाण्याच्या माठाजवळ उभी होती. तिला बसायला कुणी सांगितलं नव्हतं.

आधी भिंतींना चुना देण्याचं झालं. मग प्रत्येक मुलीनं आपापलं बस्कर घरून आणावं, असं ठरलं. त्यावर जोतीराम म्हणाला की त्याची पोरगी बस्कर आणेल, पण परत नेईल याचा भरवसा नाही. पाटीचे आजवर तीन तुकडे तिनं तीन ठिकाणी ठेवलेत. जोतीराम गिरणीत कामाला होता आणि रविवार म्हणून आला होता. लोक हसले. मागच्या बायकाही पदराआड हसल्या. टोचल्याशिवाय एकाही मुलीला शाळेत घ्यायचं नाही, असा ठराव सिद्धाप्पांनी मांडला. एकदोघं कुरकुरले, पण काशम्माच्या बापाकडे बघून गप्प झाले.

ईरप्पा पहिल्या रांगेत बसला होता. बाळीवेशीत त्याचं घोंगड्यांचं दुकान. इतका वेळ तो मांडी न हलवता ऐकत होता. ठराव झाल्यावर तो उठला.

“अण्णा, माझं एकच विचारणं आहे. देवीच्या घरातली पोरगी शाळेत आणली कुणी?”

कुणाला सांगावं लागलं नाही. सगळ्या माना दाराकडे वळल्या.

या शाळेत मुली आपण होऊन येत नसत. रोज सकाळी सोजरबाई तुळजापूर वेशीपासून निघायची, दारोदार थांबून एकेकीला नावानं हाक मारायची, आणि शाळेशी पोचेपर्यंत तिच्या मागे मुलींची लांब रांग झालेली असायची. गटारावरून लहानग्यांना कडेवर घेऊन पलीकडे ठेवायची. तिला लिहिता-वाचता येत नव्हतं. कमरेला खोचलेल्या सुतळीला तिनं मुलीगणिक एक गाठ मारली होती. कुणाची गाठ कुठली ते तिला बोटांनी कळायचं. तिच्याबरोबर जाते म्हटलं की आया निर्धास्त असत. सहा वर्षांत तिनं एकही मुलगी रस्त्यात हरवू दिली नव्हती.

“मी आणली की,” सोजरबाई म्हणाली.

“मी बिरदेवाकडनं लोकर घेतो,” ईरप्पा म्हणाला. “त्याच्यावर माझा राग नाही. त्यानं पोरगी पाठवली नाही, तू जाऊन आणलीस. दारावर लिंब होता, तुला दिसला नाही?”

“दिसला.”

सिद्धाप्पांनी चष्मा कपाळावर चढवला आणि मागे वळून भिंतीकडे बघितलं. तिथे शाळेचे नियम लावले होते. मथुरेनंच ते दोन वर्षांपूर्वी, कमिटीत आल्या आल्या, निगुतीनं लिहून काढले होते. सिद्धाप्पांनी तिसरा नियम मोठ्यानं वाचला: ज्या घरी आजार असेल त्या घरची मुलगी आणू नये, शंका आल्यास कमिटीतील बाईंना विचारावे.

मथुरेचा टाक दौतीत होता. तो तिनं बाहेर काढला नाही.

जाजमावर कुजबुज झाली. मागून एक म्हातारा, कुणाचा तरी आजा, बसल्या जागेवरूनच बोलला. “शिकल्याली बाई कमिटीत हाय म्हनून आमी पोरी धाडतो. तितंच घोळ आसंल तर पोरी घरात ऱ्हाऊ द्या की. भाकरी थापायला शिकतील.” चारपाच माना डोलल्या. मागच्या रांगेतली एक आई, मांडीवर पोर घेतलेली, मथुरेकडे बघत होती. तिची मुलगी यंदा चौथीत जायची होती.

सोजरबाईनं त्या म्हाताऱ्याकडे बघितलं. मग भिंतीला टेकलेल्या बायकांकडे, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत, जशी ती रोज सकाळी रांग बघायची तशी. मथुरेकडे तिनं बघितलं नाही.

“सोजरबाई,” सिद्धाप्पा म्हणाले, “तुला शंका आली होती का? कुणाला विचारलं होतंस?”

मथुरेनं टाक बाहेर काढला. आता बोलावं, असं तिला वाटलं. ती आत्ता सांगेल, मग मी बोलेन, असंही वाटलं. टाकाच्या टोकाशी शाईचा थेंब धरला होता. तो वहीवर पडू नये म्हणून तिनं टाक दौतीवरच धरून ठेवला.

“शंका कशाची यावी, अण्णा?” सोजरबाई म्हणाली. “वाळल्याला काढून ताजा लावला आसंल, आसं वाटलं. पाडव्याचाच वाटला.”

ईरप्पा बराच वेळ तिच्याकडे बघत राहिला. मग खाली बसला. शेजारच्यानं त्याच्या गुडघ्यावर हात ठेवला, तो त्यानं हळूच बाजूला केला.

पुढचं फार चाललं नाही. एक सभासद म्हणाला, तिची इतक्या वर्षांची चाकरी आहे, समज देऊन सोडावं. दुसरा म्हणाला, पोरीचा डोळा गेलाय. सिद्धाप्पांनी दोघांचं ऐकलं आणि सोजरबाईला कामावरून कमी करावं असं सांगितलं. त्यांनी मथुरेला शब्द सांगितले, ते तिनं लिहिले. ‘दारावरील कडुलिंब पाडव्याचा समजून मुलीस शाळेत आणल्याबद्दल.’ अक्षर चांगलं आलं. तिचं अक्षर नेहमीच चांगलं यायचं. सगळ्यांच्या सह्या झाल्यावर तिनं खाली आपली सही केली.

माणसं पांगली तेव्हा सोजरबाईनं कमरेची सुतळी काढली आणि नियमांच्या खाली खिळ्याला अडकवली. माठावर झाकण ठेवलं. मथुरा वही मिटून उठेपर्यंत ती गेली होती.

तिसऱ्या दिवशी दुपारी मथुरा तिच्या खोलीवर गेली. वेशीबाहेर ओळीनं खोल्या होत्या, त्यांतली तिची शेवटची. दाराला कुलूप होतं. शेजारच्या केराबाईनं सांगितलं, सोजरबाई मंद्रूपला गेली. तिथे तिची बहीण असते, रानात झोपडी घालून. परत यायचं काही बोलली नाही.

“माझ्यासाठी काही सांगून गेल्यात का?” मथुरेनं विचारलं.

“व्हय, सांगितलंय की,” केराबाई म्हणाली. “वकिलाच्या बाईसाब आल्या तर त्यास्नी म्हन म्हनली, यमू गटारापाशी आली की डोळं मिटती. तितं हात धरायला सांगा.”

“आणखी?”

“आनि काय न्हाई बगा.”

चौथीचा वर्ग सुरू झाला. मुली गोळा करायला दुसरी बाई ठेवली. ती दारात उभी राहून “शाळंच्या पोरी” अशी एकच हाक मारायची आणि पुढे जायची. खिळ्यावरची सुतळी तिनं एकदा उतरवून बघितली, आणि आपल्याला यातलं काही कळत नाही म्हणून परत अडकवून ठेवली. पहिल्या महिन्यात एकोणीस मुली यायच्या. यमूला मथुरा स्वतः पोचवायला जाऊ लागली. गटारापाशी ती खरंच डोळे मिटायची. इतक्या वर्षांत हे आईला माहीत नव्हतं.

ईरप्पानं काशम्माला दसऱ्यानंतर शाळेत घातलं. ती पहिल्या रांगेत उजवा डोळा फळ्याकडे करून तिरकी बसते. तिचं पाठांतर चांगलं आहे.

मार्गशीर्षात एकदा मथुरा सिद्धाप्पांच्या घरी गेली आणि तिनं सगळं सांगितलं: रविवार, वेणी, सोजरबाई काय म्हणाली, आपण काय उत्तर दिलं. सिद्धाप्पांनी मध्ये न बोलता ऐकलं. त्यांच्या सुनेनं आणलेलं दूध निवून त्यावर साय धरली. शेवटी ते म्हणाले, “वहीत सह्या झाल्यात, मथुराबाई. शाळा आत्ता कुठं मूळ धरू लागलीय. आता कशाला?”

तिनं दूध घेतलं आणि ती घरी आली. सभेत वाटलं होतं तसं तेव्हाही तिला जरा सुटल्यासारखं वाटलं होतं. ते लपवून ठेवण्यात आता अर्थ नाही.

मंद्रूपला ती अजून गेलेली नाही. दोनदा निघाली होती. एकदा यमूला ताप आला, आणि दुसऱ्या वेळेला काहीच कारण नव्हतं.

तुमच्यापैकी कुणी मंद्रूपच्या बाजाराला जात असेल तर सोजरबाईची चौकशी करा. उंच आहे, रंगानं काळी, आणि चालताना सारखी मागे वळून बघते, मागे कुणी नसलं तरी. तिला पाडव्याचं विचाराल तर पाडव्याचाच वाटला, असंच ती तुम्हालाही सांगेल. ते खरं धरू नका. तिनं सांगितलं होतं, आणि ते मी ऐकून घेतलं नव्हतं. हे मी इथे माझ्याच अक्षरात लिहिलं आहे, एवढं तिला वाचून दाखवा. उन्हाळ्यात तिच्या टाचा फुटतात, त्या बघा. पोटाला वेळेवर मिळतं का, बहीण नीट वागवते का, ते बघा. आणि मला दोन ओळी पाठवा.