तीस मॅचचा तक्ता

आमच्या वल्लरीने फेब्रुवारीत अमेरिकेतल्या आमच्या शुगर लँड गावातल्या हॉस्पिटलातली फिजिओथेरपिस्टची चांगली नोकरी सोडली आणि ती चिलीला गेली, तिथल्या सेकंड डिव्हिजनमधल्या एका छोट्या फुटबॉल क्लबची फिजिओ म्हणून. करार एकाच सीझनचा. क्लब पहिला आला तर वरच्या लीगमध्ये जाणार आणि वल्लरीही राहणार. नाहीतर तिने गाशा गुंडाळायचा.

'सेकंड डिव्हिजन' ऐकून माझ्या नवऱ्याचं, राजारामचं, डोकंच फिरलं. आयुष्यभर फर्स्ट क्लास मिरवलेला इंजिनियर तो! "गुडघे चोळायला शुगर लँडमध्ये माणसं नव्हती?" एवढं म्हणून त्याने लेकीशी बोलणं टाकलं. नऊ महिने इकडचे निरोप तिकडे मी पोचवले. दोघांचाही मला राग यायचा, आणि त्याहून जास्त भीती वाटायची, की आता हे असंच राहणार.

जूनमध्ये त्याची चोरी मी पकडली. शनिवारी दुपारी 'मंडळाची झूम मीटिंग' म्हणून हा खोलीचं दार लावून बसायचा. चहा घेऊन गेले तर लॅपटॉपवर स्पॅनिश कॉमेंट्री आणि शेजारी फूटपट्टीने आखलेला पॉइंट्सचा तक्ता. वेबसाइटवरचा तयार तक्ता त्याला चालत नाही, बेरीज स्वतःच करायची ही जुनी खोड. मी चहा ठेवला आणि बाहेर येऊन दार पुन्हा लावून घेतलं.

नोव्हेंबरात शेवटच्या मॅचला मीही त्याच्या शेजारी जाऊन बसले. ती एक-एक अशी बरोबरीत सुटली. मैदानात खेळाडू एकमेकांच्या गळ्यात पडून रडू लागले. राजारामने दुसऱ्या क्लबचा निकाल शोधला, बेरीज केली, पुन्हा केली आणि लॅपटॉप मिटला.

"एका पॉइंटने गेलं गं. पोरगी खचली असेल."

आणि माझाच फोन उचलून त्याने वल्लरीला लावला, स्पीकरवर.

"वल्लरी, ऐक. परत यायची घाई करू नकोस. तिथेच दुसरा क्लब बघ. तीसही मॅच बघितल्यात मी. तू बरा केलेला एकही पोरगा पुन्हा लंगडला नाही. चांगलं काम करतेस तू."

पलीकडे नुसता गोंगाट होता. "बाबा? व्हॉट आर यू सेइंग? वी वॉन! आम्ही फर्स्ट आलो!"

"नाही गं, माझ्या तक्त्यात..."

"विनला किती पॉइंट्स धरलेत?"

"दोन."

"बाबा, दॅट्स क्रिकेट! इथे थ्री असतात!"

मी पोट धरून हसत सुटले. राजाराम मात्र हसला नाही. लेक आता लवकर घरी येत नाही, हे त्याच्या ध्यानात आलं होतं.

"म्हणजे तू राहणार," तो म्हणाला.

"हो बाबा. इज दॅट ओके?"

"ओके काय विचारतेस? हरलीस असं समजूनही 'तिथेच राहा' म्हटलं, मग जिंकल्यावर परत ये म्हणेन होय?"

पलीकडे वल्लरी हुंदके देऊन रडायला लागली, आणि इकडे आम्ही दोघंही.